शिरगणती आणि लज्जा

राज्यकर्त्याने प्रजेची गणना करावी, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आमचे जिंतूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्यातही १८८१ पासून दर दहा वर्षांनी मर्दुमशुमारी होत असे. घरात माणसे किती, त्यांची वये काय, विवाहित कोण, विधवा कोण, हे सारे दप्तरात नोंदले जाई. परंतु ज्या पतिपत्नींची नावे एका ओळीत लिहिली गेली, त्यांचे दांपत्यजीवन कसे आहे, त्यातून कोणत्या व्याधी उद्भवतात आणि त्या कोण मुकाट्याने सोसतो, हे विचारण्याचा कोणाच्या मनात विचारही आला नाही. गणना उंबरठ्यापाशी थांबली. उंबरठ्याच्या आत लज्जेचे राज्य होते. त्या राज्यात शास्त्राचा प्रवेश महाराष्ट्रात कसा झाला, आणि प्रत्येक पायरीवर ‘प्रश्न कोणाला विचारला’ या एकाच गोष्टीवर ज्ञानाचा खरेखोटेपणा कसा अवलंबून राहिला, याचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या इतिहासातील पहिला पुरुष म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी, हे ध्यानी घेतले म्हणजे कर्व्यांची दृष्टी आपल्या समाजाच्या किती पुढे होती ते कळून येते. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत ते एकहाती चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड चुकला नाही. हा खटला वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून झाला, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. जे प्रश्न वैद्याला, वडिलांना किंवा गुरूला विचारण्याची सोय नव्हती, ते लोक एका मासिकाला विचारीत होते. या पत्रांतून समाजाचे गुप्त दुःख प्रथमच कागदावर उतरले. पण पत्र लिहितो तो साक्षर. ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांच्या हाती पोस्टाचे कार्ड कधी पडले नव्हते, त्यांचे मौन तसेच राहिले.

हा दोष एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. अमेरिकेत किन्से यांनी हजारो स्त्रीपुरुषांच्या मुलाखती घेऊन १९४८ साली पुरुषांविषयी आणि १९५३ साली स्त्रियांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. परंतु १९५४ साली संख्याशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीतील उणीव दाखवून दिली. जे आपण होऊन बोलावयास आले, त्यांच्यावरून साऱ्या राष्ट्राविषयी अनुमान काढता येत नाही, असा त्या टीकेचा इत्यर्थ होता. पुढे एड्सच्या साथीने हा विषय कुतूहलाच्या कक्षेतून जीवनमरणाच्या कक्षेत आणला. तरीही ब्रिटनमध्ये अशी पाहणी ठरली तेव्हा तेथील सरकारने १९८९ मध्ये पैसा नाकारला, आणि एका खाजगी विश्वस्तनिधीच्या साह्याने १९९० व १९९१ मध्ये सुमारे एकोणीस हजार लोकांना प्रश्न विचारले गेले. लज्जा ही केवळ पौर्वात्यांची मिरास नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांना प्रथम विचारण्याचा मान मात्र महाराष्ट्राकडे जातो, आणि तोही मुंबई-पुण्याकडे नव्हे, तर गडचिरोलीच्या अरण्यमय जिल्ह्याकडे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग या दांपत्याने तेथील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाले. तोवर गरीब देशांतील स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोन शब्दांत संपत असे. या पाहणीचे वैशिष्ट्य असे, की ती दवाखान्यात आलेल्या रोग्यांची नव्हती. तक्रार असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया तीत होत्या. ५५ टक्के स्त्रियांनी काही ना काही तक्रार सांगितली. परंतु तपासाअंती ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संबंधातून होणारे रोग आढळले. सरासरी प्रत्येकीस ३.६ रोग होते, आणि त्यांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. कित्येकींनी आपली व्याधी व्याधी म्हणून ओळखलीच नव्हती. ‘अंगावरून जाणे’ हा बाईच्या जातीचा भोगच, अशी त्यांची समजूत होती. येथे पाहणीचे खरे कार्य दिसून येते. जिला दैव म्हटले जात होते, ती गोष्ट या आकड्यांनी रोग ठरविली. आणि रोग ठरला की औषधाचा हक्क उत्पन्न होतो.

प्रश्न कोठे उभे राहून विचारला, यावर उत्तर किती फिरते, याचे दुसरे उदाहरण २००७ सालचे आहे. आपल्या देशात एचआयव्हीची लागण सुमारे ५२ लाख लोकांना झाली असावी, असा तोवरचा सरकारी अंदाज होता. तो मुख्यतः सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गर्भवती स्त्रिया आणि गुप्तरोगांच्या दवाखान्यांतील रुग्ण यांच्या तपासणीवर आधारलेला होता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांचे रक्त तपासण्यात आले, आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या लोकांत लागणीचे प्रमाण ०.२८ टक्के आढळले. ही माहिती व तपासणीची वाढविलेली केंद्रे यांच्या आधारे जुलै २००७ मध्ये अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. एवढी माणसे एका रात्रीत बरी झाली नव्हती. मोजणारा दवाखान्याच्या दारातून उठून घराच्या दारात गेला होता, इतकेच. तथापि घराच्या दारातही एक न्यून राहते. जो घरी नाही, तो तेथे सापडत नाही.

आणि आमच्या मराठवाड्यात वर्षातील कित्येक महिने घरी नसणारी माणसे थोडी नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा लागतो. फडाच्या कडेला पालात राहणाऱ्या बाईला पाणी नाही, आडोसा नाही, आणि आजारी पडण्याची मुभाही नाही. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या चौकशीत, ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे दर सहांमागे एकीचे. गडचिरोलीच्या पाहणीस तेव्हा तीस वर्षे झाली होती. जो जंतुसंसर्ग वेळीच ओळखला असता तर गोळ्यांनी बरा होण्याजोगा होता, तोही कित्येकींच्या बाबतीत शस्त्राच्या हवाली झाला. जेथे कोणी वेळेवर विचारीत नाही, तेथे सुरी उत्तर देते.

आमच्या परभणी जिल्ह्याने स्वतःविषयी गाफील राहावे असे काही नाही. २०१९-२१ च्या पाहणीत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के, तर परभणीत ४८ टक्के आढळले. विवाहातील संमती, कोवळ्या वयातील गर्भारपण आणि पुढील आयुष्यातील व्याधी हे सारे प्रश्न या एका आकड्यात दडलेले आहेत. जिंतुरात अशा लग्नाची पत्रिका हाती पडते तेव्हा तीत वधूचे वय छापलेले नसते. ते सांगावयास पाहणीच लागते.

अशा चौकशा म्हणजे खाजगी आयुष्यावर आक्रमण होय, असा आक्षेप आजही सज्जन माणसे घेतात. तो सर्वस्वी टाकाऊ नाही. नाव गुप्त राहील याची हमी हवी, संमती खरी हवी, विचारणारी शक्यतो स्त्री हवी. आणि जिला विचारले तिच्याकडे उत्तराबरोबर औषधही परत गेले पाहिजे; नाहीतर पाहणी ही दुःखाची केवळ नोंदवही होईल. पण या अटी पाळल्यावरही जो ‘विचारूच नका’ म्हणतो, त्याने बीडच्या त्या १३,८६१ स्त्रियांचे स्मरण करावे. त्यांच्या लज्जेचे रक्षण समाजाने कसोशीने केले. त्यांच्या देहाचे रक्षण करावयाचे तेवढे राहून गेले.