दुष्टतेची नियमावली : भूमिकाखेळांतील एका वादाचा इतिहास

साहित्यात दुष्टतेचे चित्रण असावे की नसावे, हा प्रश्न आता वर्गात कोणी गंभीरपणे विचारीत नाही. शकुनीवाचून महाभारत नाही आणि इयागोवाचून ऑथेल्लो नाही, हे विद्यार्थ्यालाही मान्य असते. मात्र हा प्रश्न आपण निकालात काढतो तो एका गृहीतकाच्या बळावर. वाचक किंवा प्रेक्षक दुष्टाकडे पाहत असतो, तो स्वतः दुष्ट कृत्य करीत नसतो, हे ते गृहीतक. एखाद्या कलाप्रकारात आस्वादकालाच 'आता तू काय करतोस?' असे विचारले जात असेल, आणि त्याच्या खुनाचे फलित छापील कोष्टकात पाहून ठरत असेल, तर काय? टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांनी, म्हणजे रोलप्लेइंग गेम्सनी, गेली पन्नासहून अधिक वर्षे हा प्रश्न जागता ठेवला आहे. या खेळांच्या नियमग्रंथांत छळ, नरबळी, विषप्रयोग असा 'प्रौढ' आशय असावा का, या वादाचा इतिहास आम्हांला साहित्याच्या अभ्यासकांसाठीही उद्बोधक वाटतो.

प्रथम या प्रकाराचे स्वरूप थोडक्यात सांगायला हवे. चार-सहा जण एकत्र बसतात. त्यांतील एक सूत्रधार असतो. तो जग उभे करतो, प्रसंग वर्णितो, खलपात्रांच्या तोंडचे बोलतो. उरलेले प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. कृती यशस्वी झाली की नाही हे फासे आणि नियम ठरवतात. येथे संहिता आधी लिहिलेली नसते. आधी लिहिलेले असतात ते नियम. म्हणून या प्रकाराचे व्याकरण पाहायचे तर नियमग्रंथच पाहावा लागतो.

या परंपरेतला पहिला प्रकाशित खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. दुष्टता या खेळात मागाहून शिरली असे मानले जाते. ते खरे नाही. १९७५च्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीत मारेकऱ्याचा पेशा खेळाडूला उपलब्ध झाला. १९७६च्या 'एल्ड्रिच विझार्ड्री' या पुरवणीत पाताळातले डीमन आले, आणि तिच्या मुखपृष्ठावर बळीच्या वेदीवर बांधलेली विवस्त्र स्त्री होती. १९७९च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात तर मारेकऱ्याची पातळी आणि सावजाची पातळी यांच्या छेदावर यशाची टक्केवारी देणारे कोष्टक होते. खून येथे कथेतला प्रसंग राहत नाही, तो हिशेबाची बाब होतो. पुढच्या साऱ्या वादाचे बीज आमच्या मते या कोष्टकात आहे. गंमत अशी की वाद पेटला तो भलत्याच कारणावरून.

१९७९च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातील सोळा वर्षांचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. विद्यापीठाखालच्या वाफेच्या भुयारांत तो हा खेळ खेळता खेळता हरवला असावा, असा तर्क शोध घेणाऱ्या खाजगी गुप्तहेराने मांडला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. मुलगा महिन्याभराने लुइझियानात सापडला. त्याच्या मनःस्थितीची कारणे वेगळी होती. खेळाशी तिचा संबंध नव्हता. पण तोवर कथा तयार झाली होती. १९८१मध्ये रोना जॅफी यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी आली, पुढल्याच वर्षी तिच्यावरचा दूरचित्रवाणीपट आला. १९८२मध्ये व्हर्जिनियातील पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. त्या शोकातून त्यांनी १९८३मध्ये या खेळाविरुद्ध संघटना उभारली. खेळातले शाप आणि पिशाच खरोखरच मुलांचा ताबा घेतात, असा तिचा रोख होता. १९८५मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात पुलिंग आणि गायगॅक्स या दोघांच्याही मुलाखती झाल्या. १९९०मध्ये मायकेल स्टॅकपोल या लेखक-खेळकर्त्याने पुलिंग यांच्या पुराव्यांची चिरफाड करणारा अहवाल प्रसिद्ध केला. आकडेवारीच्या कसोटीवर आरोप टिकत नाहीत हे त्याने दाखवले.

एका आईच्या दुःखाची येथे टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. तिने विचारलेला प्रश्न चुकीच्या दिशेने गेला, एवढेच नोंदवायचे आहे. सारा भर नावांवर राहिला : डेव्हिल, डीमन, मंत्र. नियम दुष्कृत्याला काय बक्षीस देतो, हे कोणी तपासले नाही.

प्रकाशक टीएसआर कंपनीचे उत्तरही नावांच्याच पातळीवरचे होते. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून मारेकऱ्याचा पेशा गेला, अर्धे ऑर्क कुळातले पात्र गेले, डेव्हिल आणि डीमनही गेले. संतप्त पालकांच्या पत्रांमुळे हे केले, असे कंपनीच्या जेम्स वॉर्ड यांनी १९९०मध्ये 'ड्रॅगन' मासिकात सांगितले. १९९१मध्ये हीच मंडळी 'बाटेझू' आणि 'तानारी' अशा घडवलेल्या नावांनी परत आली. शेपटी तीच, शिंगे तीच. सोवळे पाळले गेले ते शब्दांचे. ठार मारा, लुटा आणि त्याबद्दल अनुभवाचे गुण मिळवा, हा खेळाचा गाभा जसाच्या तसा राहिला. त्याविरुद्ध कोणत्याच पालकाने पत्र लिहिले नसावे.

दरम्यान दुसऱ्या वाटेने जाणारे खेळही निर्माण झाले होते. लव्हक्राफ्टच्या कथांवर आधारलेल्या, सँडी पीटरसन यांच्या 'कॉल ऑफ कथुलू' या १९८१च्या खेळात पात्राला मनःस्वास्थ्याचे गुण असतात. भयंकराचे दर्शन घडले की ते घटतात. इतकेच नव्हे, तर भयंकराचे ज्ञान जितके वाढेल तितकी त्या गुणांची कमाल मर्यादाच खाली येते. १९९१च्या 'व्हॅम्पायर : द मास्करेड' या खेळात खेळाडू स्वतः रक्तपिपासू असतो, आणि त्याच्याजवळ 'माणुसकी' नावाचे एक मोजमाप असते. क्रूर कृत्यांसरशी ते ढासळत जाते. शून्यावर आले की पात्र खेळाडूच्या हातून जाते आणि निव्वळ श्वापद म्हणून सूत्रधाराच्या स्वाधीन होते. ज्याला आपण शोकात्म जाणीव म्हणतो ती येथे नियमाच्या रूपात अवतरली आहे. कृत्याचे मोल कर्त्याला स्वतःच्या अस्तित्वाने चुकवावे लागते. १९९७मध्ये याच प्रकाशनसंस्थेच्या प्रौढांसाठीच्या शाखेने ज्यूंच्या नरसंहारावर 'चार्नेल हाउसेस ऑफ यूरोप : द शोआ' हा ग्रंथ काढला. त्याचे लक्ष बळी गेलेल्यांच्या आत्म्यांकडे आहे, मारणाऱ्यांच्या सामर्थ्याकडे नाही. 'प्रौढ' या शब्दाला येथे खरा अर्थ लाभलेला दिसतो.

या पार्श्वभूमीवर २००२ साल पाहावे. टीएसआर १९९७मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती आणि २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत डेव्हिल-डीमन आपापल्या नावांनिशी परतले होते. २००२च्या ऑक्टोबरमध्ये माँटी कुक यांचे 'बुक ऑफ व्हाइल डार्कनेस' हे १९२ पानी पुस्तक 'केवळ प्रौढांसाठी' अशा शिक्क्यासह आले. त्याच सुमारास 'ड्रॅगन' मासिकाच्या तीनशेव्या अंकात तत्सम मजकुराची मोहोरबंद पाने घातली गेली. 'ड्रॅगनलान्स' मालिकेचे सहलेखक ट्रेसी हिकमन यांनी याचा जाहीर निषेध केला. बाहेरच्या धर्मनिष्ठांऐवजी खेळाच्या घरातलाच एक ज्येष्ठ लेखक या वेळी बोलत होता. म्हणून या वादाचे वजन आधीच्या गदारोळाहून निराळे आहे.

पुस्तकाला न्याय द्यायचा तर त्याचे पहिले प्रकरण खरोखर विचारप्रवर्तक आहे. दुष्टता वस्तुनिष्ठ मानावी की सापेक्ष, या दोन्ही भूमिकांचे परिणाम तेथे मांडले आहेत. पुस्तक मुख्यतः सूत्रधाराने खलपात्रे रंगवावीत म्हणून लिहिले आहे. पण पुढे छळाची साधने, अमली पदार्थ, नरबळीतून मिळणारी फळे यांची नियमबद्ध यादी सुरू होते. काही अधम मंत्रांची किंमत मंत्र टाकणाऱ्याच्या देहाला मोजावी लागते खरी, परंतु ती देहाचीच किंमत आहे. विश्रांतीने किंवा उपचाराने भरून येणारी. माणूस म्हणून काय गमावले, याचा रकाना तेथे नाही. वर्णनाची बीभत्सता आम्हांला खटकत नाही. खटकते ते हे, की दुष्टता अखेर सामर्थ्याच्या सूचिपत्रासारखी वाचली जाते. बीभत्स रसाचा स्थायी भाव जुगुप्सा. जेथे फायद्याची गोळाबेरीज चालते तेथे जुगुप्सा टिकत नाही. २००३मधील 'बुक ऑफ एक्झॉल्टेड डीड्स' या सत्प्रवृत्तीवरच्या जोडग्रंथात तर विष वापरणे पाप ठरवून, केवळ दुष्टांनाच बाधणारी विषासारखी द्रव्ये पुण्यवंतांच्या हाती दिली आहेत. नाव बदलले की कृत्य शुद्ध होते, ही १९९१चीच युक्ती येथे उलट बाजूने परत आली.

याच्या मुळाशी आणखी एक जुनी खोड आहे : दुष्टता जन्मजात मानण्याची. तिची खूण मराठी वाचकाला चटकन पटेल, कारण १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला 'राक्षस' आहे. वाघाच्या तोंडाचा, झगा घालून चिलीम ओढणारा, आणि सरसकट दुष्ट. मूळ परंपरेत राक्षसकुळातच बिभीषण जन्मतो आणि दैत्यकुळात प्रल्हाद. कोष्टकाला ही सोय नसते. २०२०पासून या खेळाच्या प्रकाशकांनी ऑर्कांसारख्या कुळांना जन्मतःच दुष्ट ठरवणारी भाषा सोडायला सुरुवात केली. काहींना हे १९८९ची पुनरावृत्ती वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. तेव्हा दुष्टता झाकली जात होती. आता ती कुळाकडून काढून निवडीकडे सोपवली जात आहे. निवड असेल तरच नैतिक प्रश्न उद्भवतो.

'प्रौढ' आशयावरचा सर्वांत उपयुक्त विचार मात्र लहान प्रकाशकांकडून आला. रॉन एडवर्ड्स यांनी २००३च्या एका पुरवणीत 'रेषा' आणि 'पडदे' अशी विभागणी सुचवली. रेषेपलीकडचा विषय त्या टेबलावर येणारच नाही. पडद्याआडचा विषय कथेत घडेल, पण तपशिलाने दाखवला जाणार नाही. भरतमुनींनी युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात असे सांगितले, त्याची येथे आठवण व्हावी. फरक एवढाच, की हा पडदा शास्त्रकार किंवा प्रकाशक टाकत नाही. तो खेळणारे परस्परांच्या संमतीने टाकतात.

ही संमतीही सर्वस्वी पुरेशी नाही, कारण टेबलावर नसलेली माणसेही असतात. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये 'व्हॅम्पायर'च्या एका नव्या ग्रंथात चेचन्यातील समलिंगी व्यक्तींचा प्रत्यक्ष चाललेला छळ हा रक्तपिपासूंच्या कारस्थानाचा भाग म्हणून रंगवला गेला. टीका झाली, क्षमायाचना झाली, ती प्रकरणे मागे घेतली गेली आणि त्या प्रकाशनसंस्थेचे स्वतंत्र अस्तित्वही मालक कंपनीत विलीन झाले. १९९७च्या ग्रंथात बळींना वाणी मिळाली होती. येथे जिवंत माणसांच्या यातना कल्पित खलनायकांच्या खात्यावर टाकल्या गेल्या. विषय दोन्हीकडे भीषण होता, दृष्टी वेगळी होती.

तेव्हा दुष्टता नियमग्रंथात असावी, असेच आमचे मत आहे. ती वगळल्याने खेळ निर्मळ होत नाही, केवळ अप्रामाणिक होतो. परंतु मुखपृष्ठावरचा शिक्का पाहून ग्रंथाची प्रौढता ठरवू नये. कोष्टक वाचावे. दुष्कृत्य करणाऱ्याला ते फक्त लाभ सांगते, की त्याच्याकडून काही काढूनही घेते? बळी पडणाऱ्याला त्यात एखादा रकाना आहे का? खेळणाऱ्याला 'येथे थांबू' असे म्हणण्याची वाट आहे का? कादंबरी वाचतानाही आपण थोड्याफार फरकाने हेच विचारत असतो. भूमिकाखेळात उत्तर देणारा आणि कृत्य करणारा एकच असतो, म्हणून तेथे हे प्रश्न टाळता येत नाहीत.