बच्छावतांची वही

कृष्णेचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रात वाटताना बच्छावत लवादाने 1894 ते 1972 या काळातल्या प्रवाहाच्या नोंदी धरल्या. चारपैकी तीन वर्षं तरी मिळेल असं पाणी निघालं 2060 टीएमसी. आपल्या वाट्याला 560. आकडेमोड चोख होती. पुढचा पाऊसही त्या वहीतल्यासारखाच पडेल, एवढंच त्यात गृहीत होतं.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने कोरड्या लातूरला न्यावं लागलं. ऑगस्ट 2019 मध्ये हीच कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 45!). तापलेली हवा बाष्प जास्त धरते, मग एकदम ओतते. वर्षाची बेरीज तेवढीच दिसू शकते, सांगलीकर मात्र गच्चीवर अडकलेला असतो.

2010 साली दुसऱ्या लवादाने नव्या नोंदी घेतल्या, आकडा वाढवला. तोही वर्षाचाच.