सहलीचा फोटो आणि त्याची मागची बाजू

चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पहिला धडा बहुतेक ठरलेलाच असे, इतिहासाची साधने. लेणी, शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी, पोवाडे. मुलं यादी घडाघडा म्हणायची. निवृत्तीनंतर या यादीत मी मनातल्या मनात एक नाव वाढवलं आहे. सहलीचा फोटो! कोणा नामवंत छायाचित्रकाराने काढलेला नव्हे, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत डबे बांधून एका दिवसासाठी बाहेर पडलेल्या घरातल्याच कोणीतरी काढलेला. थोडा तिरका, थोडा हललेला.

स्टुडिओतल्या फोटोत माणसांच्या मागे रंगवलेला पडदा असतो. सहलीच्या फोटोत मागे खरं जग असतं. काका, वहिनी, पोरं समोर उभी. पण मागे एसटीचा थांबा, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, कौलारू दुकान, त्यावरची पाटी, अजून न तोडलेला वड. काढणाऱ्याने ते मुद्दाम घेतलेलं नसतं, म्हणूनच ते जास्त विश्वासाचं. समोरची माणसं ही आठवण आणि मागचं सगळं हा इतिहास, अशी मी आपली सोपी वाटणी करतो.

हा छंद आपल्याकडे तसा फार जुना आहे. फोटोग्राफीचा शोध जगाला कळला १८३९ साली, आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावल्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं तेव्हा. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. या सोसायटीत बहुतेक साहेब मंडळी असली तरी आपलीही माणसं होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यातलं ठळक नाव. पेशाने डॉक्टर, आणि फोटो काढायचे ते हौसेखातर. पुढे १८५६ पासून मुंबईहून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी हौशी लोकांसाठी छापील मजकुरासह खऱ्या फोटोंचं एक मासिकच चालवलं. 'हौशी' हा शब्द आपण जरा हलक्याने वापरतो, पण या कलेचा आपल्याकडचा पाया बऱ्याच अंशी हौशी लोकांनीच घातला आहे.

अर्थात ती हौस सोपी नव्हती. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा, आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा मिळून दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. त्या द्रावणात ईथर असे, ते आपल्या उन्हाळ्यात भराभर उडून जाई. वैशाखातल्या उन्हात, बंद तंबूत, ईथरच्या वासात उभं राहून काच धुणाऱ्या माणसाची कल्पना करा! कॅमेरा, तिवई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, शिवाय धुण्यासाठी पाणी. सॅम्युअल बोर्न हा १८६३ ते १८६६ या काळात तीन वेळा हिमालयात फोटो काढायला गेला, तेव्हा सामान वाहायला डझनावारी हमाल बरोबर होते. याला भटकंती म्हणायचं की स्वारी?

मग दोन गोष्टी घडल्या आणि स्वारीची सहल झाली. एक म्हणजे कॅमेरा हलका झाला. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने कोरड्या काचेची युक्ती सुचवली, त्यामुळे तंबूचं लोढणं पुढे सुटलं. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा आणला. त्यात शंभर फोटोंची गुंडाळी आधीच भरलेली असे. फोटो संपले की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. किंमत मात्र पंचवीस डॉलर. १९०० मध्ये त्याच कंपनीचा ब्राउनी आला, तो अवघ्या एका डॉलरला. पुठ्ठ्याची साधी पेटी, मुलांच्या हातात द्यावी अशी.

दुसरी गोष्ट रेल्वे. बोरघाटातून गाडी सुरू झाली १८६३ मध्ये, माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये. सकाळी निघून रात्री घरी परतता येऊ लागलं. एका दिवसाची सहल ही आपल्याला सनातन वाटते, पण ती रेल्वेच्या वेळापत्रकातून जन्मलेली आहे. पूर्वी माणूस घराबाहेर पडायचा तो जत्रेला, लग्नाला, नाहीतर मयताला.

आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा यायला मात्र आणखी साठ-सत्तर वर्षं जावी लागली. तोवर अख्ख्या आळीत एखादा कॅमेरा असायचा आणि तो मागून आणायचा. मग बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री आला आणि घरोघर हौशी फोटोग्राफर तयार झाले. त्याला फार अक्कल लागत नसे. ऊन असेल तर उन्हाची खूण, ढग असतील तर ढगाची. पाठीमागे लाल काचेची खिडकी, तिच्यात आकडा दिसेपर्यंत गुंडाळी फिरवायची. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल कधी पूर्व जर्मनीचा ऑर्वो, तर कधी उटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू'. त्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं १९६७ साली.

बारा फोटोंत दिवस बसवायचा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावणं कठीण आहे. धरण, देऊळ, जेवणाची पंगत, आणि सगळ्यांचा मिळून एक. एखादा शेवटी राखून ठेवायचा, न जाणो वाटेत काही दिसलं तर! सहल संपली तरी रोल संपेलच असं नाही. मग तो गणपतीपर्यंत कॅमेऱ्यात पडून राही. त्यामुळे मे महिन्यातली करवंदाची जाळी आणि भाद्रपदातली आरास एकाच पाकिटातून धुऊन येत.

जुन्या फोटोंत सगळेजण डोळे बारीक करून का उभे असतात, हे माहीत आहे? त्या काळचा नियम असा की ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवं. म्हणजे ते थेट समोरच्यांच्या डोळ्यांत. आमच्या घरातले सगळे कपाळाला आठ्या घालणारे होते, असा समज माझ्या नातीने अल्बम पाहून करून घेतला होता, तो मी दूर केला.

फोटोवर साल लिहिलेलं नसलं तरी थोडा अंदाज बांधता येतो. पांढऱ्या कडांचा लहानसा चौकोनी काळा-पांढरा फोटो असेल तर तो बहुधा साठ-सत्तरच्या दशकातला. रंगीत आहे पण सगळं तांबूस पडलंय, तर सत्तरीच्या अखेरचा किंवा ऐंशीच्या दशकातला. त्या कागदातला निळसर रंग आधी उडतो आणि लाली उरते. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असेल तर बराचसा नव्वदचा. मात्र ती तारीख डोळे झाकून मानू नका. कॅमेऱ्यातलं घड्याळ लावलेलं नसलं तरी आकडे उमटतातच.

असा एखादा साधा फोटो किती मोलाचा असतो, ते मला गोव्यात कळलं. सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं गाव आहे. आहे म्हणावं की होतं म्हणावं, हाच प्रश्न. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचं हे गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं, ते १९८६च्या सुमारास. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात ते वर येतं, आणि जुने गावकरी एका दिवसासाठी तिथे जमतात. आम्ही गेलो तेव्हा भेगाळलेल्या जमिनीवर नुसती जोती, विहिरीचे कठडे आणि वठलेले बुंधे दिसत होते. एक वृद्ध गृहस्थ एका जोत्यावर उभे राहून नातवंडांना दाखवत होते: इथे ओसरी, इथे न्हाणी, इथे माजघर. मी विचारलं, घराचा एखादा फोटो? ते म्हणाले, "तेव्हा कॅमेरा कोणाकडे होता? एकदा कुणी पाहुणा फोटो काढून गेला होता. कोण कुठला, देव जाणे." तो पाहुणा उन्हाळ्यात सहज फिरायला आलेला असणार. त्याने हसणारी चार पोरं टिपली असतील आणि त्यांच्यामागे ते घर उभं असेल. कुठल्याशा अल्बममध्ये ते घर अजून शाबूत असेल, पण ज्यांचं आहे त्यांना ते कधी मिळणार नाही, कारण पाठीमागे गावाचं नाव कोणी लिहिलेलं नसणार.

आता आमच्या घरचं सांगतो. १९६८ च्या मे महिन्यात मळवलीला उतरून आम्ही कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत चालत गेलो होतो. सिंहस्तंभापाशी काढलेला सगळ्यांचा फोटो आहे. सात मोठी माणसं, पाच मुलं, त्यातला सतरा वर्षांचा काटकुळा मी. सात मोठ्यांपैकी सहा ओळखू येतात. डावीकडून तिसरी, नऊवारीतली, हातात कडीचा डबा धरलेली बाई कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. ती आमच्याबरोबर चालली, आमच्याबरोबर जेवली असणार, आणि साठ वर्षांच्या आत तिचं नाव गेलं.

आणि ती उभी कुठे आहे, तर कार्ल्याला! तिथल्या भिंतीवर वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचं नाव ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. आत चैत्यगृहात खांबाखांबावर दात्यांची नावं आहेत, सोपाऱ्याची माणसं, धेनुकाकटाचे यवन. फार काही लिहिलेलं नाही. नाव, गाव, काय दिलं, एवढंच. पण तेवढ्यावर दोन हजार वर्षांनी आपण त्यांना ओळखतो. भूतपाल ठाऊक आहे आणि आपल्या घरची बाई ठाऊक नाही! साधन असून उपयोग नाही, त्यावर लेख हवा.

आता कॅमेरा फोनमध्ये आला. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला होता, आणि त्याच कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. काळाचा महिमा, दुसरं काय! मला फोनचं वावडं नाही. सकाळी सात वाजता बहाव्याखाली उभं राहून पिवळे घोस टिपायला मलाही आवडतं. दहानंतरच्या भगभगीत उन्हात ते फिके येतात. फोन तारीख नोंदवतो, जागाही नोंदवतो. पण शेजारी उभी असलेली तुमची मावशी की मावससासू, ते त्याला ठाऊक नसतं. आणि लिहायला मागची बाजूच नाही.

म्हणून भावंडांनो आणि मित्रहो, या सुट्टीत एवढं करा. जुने अल्बम काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. फोटोच्या मागे कडेला, मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता नावं, गाव आणि साल लिहा. बॉलपेनाने लिहू नका, वळ पुढच्या बाजूला उमटतात. एका सहलीचे फोनवरचे चारशे फोटो ठेवण्याऐवजी दहा निवडून छापून घ्या आणि त्यांच्याही मागे लिहा. सहलीला गेलात की एक फोटो रस्त्याचा, एक दुकानांचा आणि एक गावाच्या पाटीचा काढायला विसरू नका.

कार्ल्याच्या त्या फोटोतल्या मोठ्यांपैकी आता फक्त आमची चुलत बहीण अक्का हयात आहे. वय एकोणनव्वद. नजर मंदावली आहे, पण आठवण पक्की. फोटो वहीच्या पानाएवढा मोठा करून घेतला आहे. रविवारी सकाळच्या एसटीने साताऱ्याला जाऊन येतो. पेन्सिल आठवणीने पिशवीत टाकली आहे.