मोबाइल खुला, पण कुठपर्यंत?

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना 1947) विद्यार्थ्यांचा ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ आहे. तिथला विद्यार्थी लिनक्सचा जो गाभा उघडून वाचतो, तोच त्याच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही असतो. तरीही कंपनीने अपडेट थांबवले की त्याला नवी आवृत्ती सहजी चढवता येत नाही. हे कोडे सोडवायचे तर ‘खुला’ हा शब्द थराथराने तपासावा लागतो.

सगळ्यात वर दिसते ती लिपी, आणि तिथे आपण खरोखर मोकळे आहोत. अँड्रॉइडवर देवनागरी अक्षरांची जोडणी हार्फबझ ही लायब्ररी करते, अक्षररूपे नोटो फाँट पुरवतो; दोन्ही खुले. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा फाँटवर आयआयटी मुंबईचा शोभिका उभा राहिला, तो परवान्याने मुभा दिली म्हणूनच. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ मिळवण्यासाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

त्याखाली कार्यप्रणाली. लिनक्सच्या गाभ्याला जीपीएल-2 परवाना लागू आहे: बदललेला गाभा घालून फोन विकणाऱ्याने त्याचा सोर्स कोड ग्राहकाला उपलब्ध करून द्यावाच लागतो. अँड्रॉइडच्या उरलेल्या बऱ्याच भागाला अपाची-2 आहे. त्यातले बदल कंपनीला स्वतःजवळ ठेवता येतात.

खरी अडचण आणखी खाली आहे. कॅमेरा, ग्राफिक्स, मोडेम यांची फर्मवेअर आणि ड्रायव्हरचे बरेच भाग बंद बायनरी स्वरूपातच येतात. चिप बनवणाऱ्याने नव्या गाभ्याला जुळणारे ड्रायव्हर दिले नाहीत, तर धडधाकट फोनही जुन्या आवृत्तीवर अडकतो. मग उरते लिनेजओएससारखी पर्यायी प्रणाली. पण बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅम, कंपनीने कुलूपबंद केला असेल आणि तो उघडत नसेल, तर तीही वाट बंद. हे कुलूप चोरीपासून आणि घातक सॉफ्टवेअरपासून राखण करते, हे मान्य. पण घर ज्याचे, किल्ली त्याच्याच हाती हवी.

हार्डवेअरमध्ये परिस्थिती याहून बिकट. साताऱ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारणे’ रोजचेच. पण बोर्डवरचा चार्जिंग आयसी गेला, की कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट यायला हवेत हे सांगणारे स्किमॅटिक लागते. बहुतेक कंपन्या ते जाहीर करत नाहीत. पाइनफोन आणि लिब्रेम 5 या लिनक्सवर चालणाऱ्या फोनच्या निर्मात्यांनी ते प्रसिद्ध केले, म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. मोडेमचे फर्मवेअर मात्र त्यांनाही पूर्णपणे खुले करता आले नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीची अवजारे आणि मोबाइल दोन्ही आहेत. त्या आराखड्यात स्किमॅटिक आणि बूटलोडरची किल्ली या दोन बाबी नावानिशी याव्यात, अशी मागणी सातारा-सांगलीच्या दुरुस्ती कारागिरांनी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करावी.