दूरश्रवण, मध्यम लहरींवरील (सुरत परिसर)

शेकडो, कधी हजारो किलोमीटरवरची एएम केंद्रे साध्या रेडिओवर शोधायची, ओळखायची आणि वहीत त्यांची नोंद ठेवायची, असा हा छंद. छंदी मंडळी त्याला डीएक्सिंग म्हणतात. भारतात मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा असून शेजारच्या दोन थांब्यांत ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. अमेरिकेत ते १० आहे. म्हणून परदेशातून आणलेला डिजिटल संच आधी ९च्या टप्प्यावर लावून घ्यावा. नाहीतर बरीचशी केंद्रे दोन थांब्यांच्या मध्येच राहून जातात.

हा खेळ रात्रीचा. दिवसा सूर्यप्रकाशाने आयनावरणात तयार होणारा ‘डी’ थर मध्यम लहरी शोषून घेतो आणि जमिनीलगत सरकणारी लहर तेवढी हाती लागते. सूर्यास्तानंतर हा थर विरतो. मग वरच्या थरांवरून परतलेल्या लहरी फार लांब जाऊन उतरतात आणि दुपारी मुका असलेला पट्टा आवाजांनी भरून जातो.

सुरतेत सुरुवात करणाऱ्याने सर्वात आधी नकाशा पाहावा. मुंबई, सुरत आणि अहमदाबाद ही तिन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ७३ अंश पूर्वेच्या आसपास आहेत. मुंबई दक्षिणेला, अहमदाबाद उत्तरेला. दोन्ही सरळ रेषेत दोनशे-अडीचशे किलोमीटरवर. ५५८वरची मुंबईची अस्मिता वाहिनी, १०४४वरचे मुंबईचे दुसरे केंद्र आणि ८४६वरचे अहमदाबाद हे इथले ओळखीचे जोरकस आवाज. आता रेडिओच्या पोटातली फेराइट कांडी आठवावी. या कांडीचे टोक ज्या दिशेला रोखले जाते, तिकडचे केंद्र सर्वात क्षीण होते. संच असा फिरवला की कांडी उत्तर-दक्षिण होईल, तर मुंबई आणि अहमदाबाद एकाच वेळी दबतात आणि पूर्व-पश्चिम मोकळी होते. रात्री आकाशातून येणाऱ्या लहरी मिसळल्याने हा दाब दुपारइतका चोख राहत नाही, तरी फरक कानाला स्पष्ट जाणवतो. नवख्याला इतका सोयीचा भूगोल फार थोड्या शहरांत मिळतो.

पश्चिमेला खंभातचे आखात, सौराष्ट्र आणि त्यापलीकडे अरबी समुद्र व ओमानचा किनारा. खाऱ्या पाण्यावरून मध्यम लहर जमिनीपेक्षा कितीतरी कमी झिजते. पूर्वेला खानदेश. लिंबायत, उधना भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी, अहिराणी बोलणारी कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी पहिले लक्ष्य उघड आहे: आकाशवाणी जळगावची ९६३ किलोहर्ट्झ ही वारंवारता. जळगाव जवळपास नेमके पूर्वेला, पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर आहे. ओळखीच्या भाषेतले, ओळखीच्या गावांची नावे घेणारे केंद्र खरखरीतून वेगळे काढणे, यासारखा कानाचा दुसरा सराव नाही.

घड्याळही दिशेप्रमाणे वापरावे. सूर्य कोलकात्याला सुरतेपेक्षा साधारण तासभर आधी मावळतो, मस्कतला तासभर उशिरा. त्यामुळे तिन्हीसांजेला आधी पूर्वेकडची केंद्रे वर येतात. पहाटे आधी तीच बुडतात आणि आखाती आवाज सूर्योदयाच्या सुमारास थोडा अधिक वेळ टिकून राहतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ: रात्री मोठ्या, विजांचा कडकडाट कमी. पावसाळ्यात दूरच्या विजाही संचात कडकडतात.

शहरातला खरा शत्रू मात्र वीजच. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, मोटारींना लावलेले वेगनियंत्रक यांच्यामुळे पट्ट्यावर अखंड गुणगुण पसरते, आणि यंत्रमागांच्या व हिरेघासणीच्या शहरात ती टाळणे अवघड. संच बॅटरीवर चालवावा, घरातले स्विच एकेक बंद करून गोंगाट कुठून येतो ते शोधावे, गच्चीवर जावे, किंवा डुमसच्या किनाऱ्यावर एखादी संध्याकाळ घालवावी. महागड्या संचापेक्षा अशी शांत जागा अधिक देऊन जाते.

केंद्र लागले म्हणजे ओळखले असे नव्हे. उद्घोषणा कानी पडेपर्यंत थांबावे. बहुधा ती पूर्ण तासाला किंवा अर्ध्या तासाला होते. वहीत तारीख, जागतिक प्रमाणवेळ (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे), वारंवारता, ऐकलेला मजकूर आणि सिन्पो ही पाच आकडी श्रवणखूण लिहावी. असा अहवाल केंद्राला पाठवला, तर काही केंद्रे क्यूएसएल नावाचे पुष्टिपत्र पाठवतात.

वारंवारतांच्या यादीवर डोळे झाकून विसंबू नये. आता एफएमच्या विस्तारात आकाशवाणीचे अनेक मध्यम लहरी प्रक्षेपक बंद होत आहेत. वाहिन्याही थांबतात. नागपूरचेच उदाहरण घ्या. १९८८पासून १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून १५६६वर रात्रभर घुमणारी राष्ट्रीय वाहिनी २०१८च्या अखेरीस थांबवण्याचा निर्णय झाला. दक्षिण कोरियातील जेजू बेटावरचे एचएलएझेड हे ख्रिस्ती केंद्र याच १५६६वर आहे. नागपूरची ती वाहिनी चालू असताना रात्री त्याच्यासाठी सुरतेत जागाच नव्हती. नागपूरचा आवाज नसेल तेव्हा हिवाळ्यातल्या रात्री त्याचा शोध घेऊन पाहता येतो.