अक्षर टिकते, अलंकार गळतो
मराठी ई-मेल पत्रकाच्या इतिहासातील एक धडा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही जुने कपाट आवरत होतो. एका डब्यात काही फ्लॉपी सापडल्या. १९९९ च्या सुमारास कोल्हापुरातील आम्ही काही शिक्षक मिळून विज्ञानमंडळाचे चार पानी मासिक पत्रक काढत असू. गावात त्याच्या झेरॉक्स प्रती वाटायच्या आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना ते ई-मेलने पाठवायचे, असा परिपाठ होता. रंगीत मथळे, वेलबुट्टीची चौकट, मध्ये एखादे चित्र, असा सगळा थाट असे. एका विद्यार्थ्याने उलट कळवले, "सर, पत्रक मिळाले, पण ते कोणत्या भाषेत आहे?" त्या वेळी आम्ही हसलो होतो. आता त्या फ्लॉपी उघडून पाहिल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा नुसता काला दिसला. कागदावरच्या प्रती मात्र पिवळ्या पडूनही स्वच्छ वाचता येत होत्या. असे का व्हावे?

साधा मजकूर म्हणजे काय?

संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता अंक, याचा 'आस्की' नावाचा तक्ता अमेरिकेत १९६३ साली ठरला. त्यात सात बिटांचा एक संकेत असल्याने जागा फक्त १२८. इंग्रजी लिपी, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही आज्ञा एवढ्यांनीच त्या भरल्या. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिली ई-मेल पाठवली. १९८२ साली ई-मेलच्या मजकुराचे जे नियम ठरले, तेही याच तक्त्यावर आधारलेले होते. ठळक अक्षर नाही, तिरपे नाही, रंग नाही. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर लोक त्याच्या दोन्ही बाजूंना तारका घालत.

१९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' ही योजना मांडली आणि पत्रातून चित्र, ध्वनी, सजावट पाठवण्याची वाट मोकळी झाली. मग वाद सुरू झाला : पत्रक साधे असावे की सजवलेले? साध्याच्या बाजूने तेव्हा एक रोकडा हिशेब होता. सेकंदाला २८,८०० बिट नेणाऱ्या मोडेमवरून २,००० बाइटचे साधे पत्र, म्हणजे १६,००० बिट, सुमारे अर्ध्या सेकंदात येई. तेच चित्रे घालून १,००,००० बाइटचे केले, की त्याला जवळजवळ २८ सेकंद लागत आणि तेवढा वेळ टेलिफोनचे मीटर चालू राही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, तेव्हा हा हिशेब आपल्यालाही लागू झाला.

मराठीची अडचण वेगळीच

इंग्रजीत हा वाद आवडीचा आणि खर्चाचा होता. सजावट गळून पडली, तरी खालचे शब्द शिल्लक राहत. मराठीचे तसे नव्हते. त्या १२८ जागांत देवनागरीला स्थानच नव्हते, म्हणून दोन वाटा निघाल्या. पहिली, मराठी रोमन लिपीत लिहिण्याची. अविनाश चोपडे यांची 'आयट्रान्स' पद्धत याच कामाची. ती कुठेही पोचे, पण वाचणाऱ्याला आपली भाषा परक्या वेषात वाचावी लागे.

दुसरी वाट फॉन्टची. संगणकात अंक इंग्रजी अक्षराचाच राहायचा, मात्र त्या अक्षराचे चित्र काढून तेथे देवनागरीचे चित्र बसवायचे. पडद्यावर सुंदर मराठी उमटे, पण तो केवळ मुखवटा असे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तोच फॉन्ट समोरच्याकडे नसला, की मुखवटा गळे आणि खालचा काला उघडा पडे. म्हणजे येथे सजावट हाच मजकूर होता.

यावर उपाय नव्हता असे नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेलेले काम 'इस्की' या भारतीय मानकाच्या रूपाने १९९१ साली प्रसिद्ध झाले. पण छपाईच्या बाजारात खाजगी फॉन्टच चालले आणि आम्हीही दिसण्यालाच भुललो.

मोडीचा दाखला

कोल्हापूरकरांना लिपीचा हा पेच अगदीच अनोळखी नाही. येथील पुरालेखागारात संस्थानकाळाची मोडी कागदपत्रे आहेत. ग्रंथ बाळबोधीत आणि कारभार मोडीत, अशी जुनी रीत. कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढी आणि तिला अक्षरे टांगत जाई. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नाही. वेगासाठी बरेच काही सोडून दिलेले असे, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊक असे. मोडी आज थोड्यांनाच वाचता येते. तरीही ते कागद मुके झालेले नाहीत, कारण मोडीची बाराखडी कोणा एकाच्या मालकीची नव्हती. ती आजही शिकता येते. आमच्या पत्रकाची 'बाराखडी' मात्र एका कंपनीच्या कपाटात होती.

सर्वांची बाराखडी

१९९१ साली 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली होती. 'क' चा अंक २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. येथे अक्षर आणि त्याचे रूप वेगळे झाले. 'वि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते. जुन्या फॉन्टमध्ये बहुधा ती दिसते तशी आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये 'व' आधी आणि वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. दाखवायचे कसे, हे फॉन्टने पाहायचे. विंडोज २००० बरोबर आलेला, प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा असाच फॉन्ट. पुढे २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली.

सजावटीशी आमचे वैर नाही. माइमच्या योजनेतच तोडगा होता : एकाच पत्रात आधी साधा मजकूर, मागून सजवलेला. ज्याला जे पेलेल ते त्याने दाखवावे.

आता आमच्या फ्लॉपींचे काय झाले, ते सांगतो. झेरॉक्स प्रत शेजारी ठेवून आम्ही नववीच्या मुलांकडून कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर, याचा तक्ता करवून घेतला. बहुतेक अंक वाचता आले. एका अंकात मात्र मुलांनी पावसाळाभर घेतलेल्या पंचगंगेच्या पाण्याच्या तापमानाच्या नोंदी होत्या. त्या आम्ही हौसेने रंगीत आलेखाचे चित्र करून छापल्या होत्या. फ्लॉपीत चित्राच्या जागी रिकामी चौकट आहे, चित्राची फाइल नाही आणि त्या अंकाची प्रतही कोणाकडे उरलेली नाही. चार ओळींत नुसते आकडे लिहिले असते, तर ते आज हाती असते.

आज शाळेच्या सूचना फुलांच्या चौकटीत, चित्र करून मोबाइलवर पाठवल्या जातात. चित्रातला शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन पालकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनालाही तो सहसा नीट वाचता येत नाही. चित्र जरूर पाठवावे, पण त्याखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत लिहावा.

वर्गात करून पाहा : 'विज्ञान' या शब्दात युनिकोडचे अंक किती? व, वेलांटी, ज, हलन्त, ञ, काना, न, असे सात. प्रचलित 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अंकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. मुलांना आपापल्या नावाचे बाइट मोजू द्यावेत.