वेणीफणी, कुरळ्या केसांची

कुरळे केस घरच्या घरी विंचरणे, त्यांना वळण देणे आणि त्यांची वेणी घालणे. महाराष्ट्रातील रूढ वेणीफणी सरळ किंवा किंचित लाटदार केसांना धरून बेतलेली आहे. भरपूर तेल, कोरड्या केसांत वरून खाली ओढलेला कंगवा आणि घट्ट वेणी हा तिचा क्रम कुरळ्या केसांना मानवत नाही. कुरळे केस ‘हट्टी’ असल्याची घरोघरची तक्रार मुख्यतः या पद्धतीतून आलेली आहे.

रचना : केस ज्या मुळातून उगवतो ते वाकडे असले की केस वळत वाढतो. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल, तर कुरळ्याचा लंबगोल असतो. टाळूवरचे नैसर्गिक तेल वळणावळणांतून टोकापर्यंत नीट उतरत नाही, म्हणून मूळ तेलकट असूनही टोके कोरडी राहतात. केसांतील हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. ओलसर केसांची वेणी घालून झोपल्यास सकाळी सरळ केसांनाही लाटा दिसतात, त्या यामुळेच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पावसाळाभर केस पिंजारलेले राहतात, त्याचेही कारण तेच.

तेल : खोबरेल तेलाविषयी चांगली नोंद उपलब्ध आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागाने २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर लावून पाहता, केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीयरीत्या कमी झाली ती फक्त खोबरेलाने. त्यातील लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि रेणू लहान असल्याने ते केसाच्या आत शिरते. सूर्यफूल तेलाचे रेणू त्या मानाने अवजड असल्याने तसे शिरत नाहीत, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचताना लक्षात ठेवावे. तेलाने केस वाढतात असा या अभ्यासाचा निष्कर्ष नाही. कुरळ्या केसांना तेल न्हाण्याआधी तासभर लावून धुऊन टाकणे सोयीचे. थापून ठेवलेल्या तेलाने वळणे जड होऊन सुटतात.

गुंता आणि वळण : केस ओले असताना, कंडिशनर लावलेले असतानाच विंचरावेत. एका हाताने बट गुंत्याच्या वर घट्ट धरायची, म्हणजे मुळाला हिसका बसत नाही. दुसऱ्या हाताने रुंद दात्यांचा कंगवा आधी टोकाशी, मग चार बोटे वर, मग त्याहून वर असा चालवायचा. उवा-लिखांसाठीची बारीक दात्यांची फणी एरवी या केसांत घालू नये. धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती पंचाने किंवा मऊ लुगड्याच्या तुकड्याने केस खालून वर दाबत पाणी टिपावे. जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच गाळलेले बुळबुळीत पाणी ओल्या बटांना लावतात आणि बट बोटाभोवती गुंडाळून सोडतात. वाळेपर्यंत केसांना हात लावायचा नाही. अमेरिकेत लोरेन मॅसी यांच्या ‘कर्ली गर्ल’ (२००१) या पुस्तकाने अशा पद्धतीचा मोठा प्रसार केला.

वेणीचे प्रकार : तिपेडी, चौपेडी, पाचपेडी, सागरवेणी.

घालण्याची रीत : केस ओलसर असताना भांग पाडून तीन पेड करावेत आणि कडेचा पेड आळीपाळीने मधल्यावर टाकत जावे. कुरळ्या बटा कमीजास्त लांबीच्या दिसतात, त्यामुळे वेणीतून केस निसटतातच. ते दाबून बसवण्यासाठी पेड आवळू नयेत. ओला केस ताणला जातो आणि वाळताना आखडतो, म्हणून ओल्यात घट्ट वाटणारी वेणी वाळल्यावर मुळांना आणखी ओढते. रिबिनी लावून वर बांधलेल्या शाळेतल्या दोन वेण्यांत हा ताण कानशिलांवर येतो. सततच्या ओढीने केस विरळ होण्याची नोंद १९०७ मध्ये ग्रीनलंडमधील स्त्रियांबाबत झाली होती. लवकर थांबल्यास केस परत येतात. वर्षानुवर्षे ओढ राहिल्यास जागा कायमची उघडी पडते. वेणी घातल्यावर मुलीला भुवया वर कराव्या लागत असतील किंवा टाळू दुखत असेल, तर ती सोडून पुन्हा घालावी.

मुलगे : जावळ काढेपर्यंत त्यांच्याही छोट्या वेण्या घालतात.

फुले : गजरा, फुलांची वेणी, गोव्यात अबोलीची फाती.

जट : न विंचरलेल्या केसांत मळ, तेल आणि गळलेले केस गुरफटून जट होते. कुरळ्या, दाट केसांत ती लवकर धरते. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात तिला यल्लम्माचे बोलावणे मानून मुलींना देवीला सोडले गेले. ‘जोगवा’ (२००९) या मराठी चित्रपटाचा विषय हाच आहे. जट फार वाढली की तिचे वजन मानेवर येते, टाळूला दुर्गंधी आणि जखमा होतात. कोप होईल या भीतीने बाई वर्षानुवर्षे ते सोसते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरच्यांची समजूत काढून जट कापून देतात. सुरुवातीची जट तेल आणि कंडिशनर लावून बोटांनी सुटते. जुनी कापावीच लागते. घरात किंवा शेजारी कोणाच्या केसांत जट दिसली, तर तिला एकटीला भीतीवर सोडू नये, सोबत बसून ती काढून द्यावी.